दारिद्र्यनिवारण आणि क्षेत्रीय संशोधन : प्रस्तावना

दारिद्र्य हटवण्याच्या योजना आखणाऱ्यांना दोन प्रश्नांची उत्तरे लागतात. गरीब कोण, किती आणि कशामुळे, हा पहिला प्रश्न. त्यांच्यासाठी जे केले जाते त्याने त्यांच्या जगण्यात खरोखर फरक पडतो का, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गरिबांच्या घरी, शेतावर, शाळेत आणि दवाखान्यात जाऊन शोधणे म्हणजे दारिद्र्यावरील क्षेत्रीय संशोधन. पहिल्या प्रश्नाचा अभ्यास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. दुसऱ्याचा पद्धतशीर अभ्यास मात्र गेल्या तीन-चार दशकांतच बहरला.

जागतिक बँकेच्या मोजमापानुसार १९९० मध्ये जगातील दर तीन माणसांमागे किमान एक माणूस अतितीव्र दारिद्र्यात होता. २०१९ पर्यंत हे प्रमाण दर दहांमागे एकाच्या आसपास आले. या घसरणीत चीन, भारत आणि आशियातील इतर देशांच्या आर्थिक वाढीचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण देशाच्या आर्थिक वाढीचा वेग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात नसतो. त्याच्या हातात असतात लशी, मोजक्या परिचारिका आणि वर्षभराचा ठरलेला निधी, आणि एवढ्यातून जास्तीत जास्त बालके वाचवायची असतात. शिक्षणाधिकारी, ग्रामपंचायत, स्वयंसेवी संस्था या सगळ्यांपुढचे प्रश्न याच जातीचे आहेत. अशा प्रश्नांना सिद्धान्तातून थेट उत्तर मिळत नाही. ते प्रत्यक्ष जागी तपासूनच मिळवावे लागते.

मोजणीची परंपरा

इंग्लंडमध्ये चार्ल्स बूथ यांनी १८८६ पासून लंडनच्या वस्त्यांची पाहणी सुरू केली आणि शहरातले सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे दाखवले. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरात तसेच काम करून १९०१ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले. शरीर चालते ठेवायला किती अन्न लागते आणि त्याला किती खर्च येतो, याचा हिशेब त्यांनी केला. दारिद्र्यरेषेची कल्पना या हिशेबातून आकाराला आली. दारिद्र्य हा आळसाचा किंवा व्यसनाचा परिणाम आहे, हा त्या काळचा रूढ समज होता. आजारपण, कमी मजुरी आणि कमावत्याचा मृत्यू ही कारणे घरोघरच्या नोंदींतून पुढे आली, तेव्हा त्या समजाला तडा गेला.

भारतात दादाभाई नौरोजी यांनी सरकारी आकड्यांवरूनच देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न जेमतेम २० रुपये असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर अभ्यासक गावात उतरले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घराघराची आणि शेताशेताची पाहणी केली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जमिनीचे होत जाणारे तुकडे आणि शेतकऱ्यांवरचा कर्जाचा बोजा यांचा नेमका हिशेब होता. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली ही पाहण्यांची परंपरा पुढे नेली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि मोजकीच घरे नीट निवडून साऱ्या देशाचा अंदाज बांधता येऊ लागला.

या पाहणीच्या आकड्यांवरूनच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. माणशी रोज २२५० उष्मांकांचे अन्न हा निकष धरला, तर १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोक दारिद्र्यात होते, असे त्यांनी दाखवले. काम मागणाऱ्याला सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने अशी कामे मोठ्या प्रमाणावर काढली. वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २००५ मध्ये केंद्राने ते तत्त्व देशभर नेले. मोजणीने एकट्याने धोरण ठरत नाही. पण नेमक्या आकड्यांमुळे मागणीला वजन येते, हे या उदाहरणावरून दिसते.

गावात राहून केलेला अभ्यास

नमुना पाहणीतून देशाचे चित्र मिळते. एखादे कुटुंब वाईट वर्ष कसे निभावते, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी त्याच गावात पुन्हा पुन्हा जावे लागते. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यातल्या पालनपूर गावाचा अभ्यास १९५७ पासून जवळपास दर दशकात होत आला आहे. कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ मध्ये सहा गावे निवडून घराघरांच्या नियमित नोंदी सुरू केल्या. त्यांतली चार महाराष्ट्रातली होती : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कलमण, आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेडा. या नोंदी पुढे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी वापरल्या. घराघराची मिळकत कमीजास्त झाली तरी खाण्यापिण्याचा खर्च गावभर बराचसा एकाच चालीने हलतो, म्हणजे उसनवारी आणि नातेसंबंध विम्याचे काम करतात, असे रॉबर्ट टाउनसेंड यांना त्यांत दिसले. पण हा विमा अपुरा पडतो. साऱ्या गावाचेच पीक गेले तर उसने देणार कोण? मग बैल विकले जातात, आणि पुढच्या हंगामाची मशागतच अडते. दारिद्र्य स्वतःलाच कसे पोसत राहते, हे अशा नोंदींवरून समजते.

याच्या शेजारी आणखी एक परंपरा वाढली. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मधील आपल्या पुस्तकात पाहणी करणाऱ्यांच्या सवयींवर बोट ठेवले. ते पक्क्या रस्त्याकडेची गावे पाहतात, पावसाळ्यात फिरकत नाहीत आणि बोलक्या पुरुषांशीच बोलतात, असे त्यांचे म्हणणे होते. यातून लोकसहभागी पाहणीची पद्धत रुजली. गावकरीच जमिनीवर गावाचा नकाशा काढतात, आपल्यातला सर्वांत नडलेला कोण ते ठरवतात आणि आपल्या अडचणींचा क्रम लावतात. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका येथील शेकडो गरीब कुटुंबांच्या वर्षभराच्या आर्थिक रोजनिशींतून हेही पुढे आले, की अगदी गरीब घरसुद्धा एकाच वेळी बचतही करते आणि कर्जही फेडते. मिळकत कमी असते, आणि तीही कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून या घरांना पैशांचे व्यवस्थापन सधन घरांपेक्षा अधिक काटेकोरपणे करावे लागते.

तुलनेचा मार्ग

योजनेने खरोखर फरक पडतो का, हा दुसरा प्रश्न अवघड आहे. गावात योजना आली आणि दोन वर्षांनी मुलांचे आरोग्य सुधारले, तर ते योजनेमुळे की चांगल्या पावसामुळे? ज्यांनी योजनेत नाव नोंदवले ते मुळातच अधिक जागरूक असतील तर? योजना आलीच नसती तर काय झाले असते, हे कधीच डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्या जागी उभा करता येतो तो तुलनेचा गट : सर्व बाबतींत सारखा, पण योजना न मिळालेला.

महाराष्ट्रात या मार्गाचे थोर उदाहरण गडचिरोलीत घडले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण मिळाले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास जिथल्या तिथे राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये घरपोच नवजात सेवा ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. तुलनेची गावे नसती तर ही घट योगायोग म्हणून बाजूला सारणे सोपे गेले असते.

दोन्ही गट खरोखर सारखे आहेत याची सर्वांत मोठी खात्री चिठ्ठ्या टाकून निवड केल्याने मिळते. रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे शेतीच्या प्रयोगांसाठी या पद्धतीची घडी बसवली. १९४८ मध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने ती वैद्यकशास्त्रात मानाने आणली. सामाजिक धोरणात तिचे मोठे पाऊल मेक्सिकोने १९९७ मध्ये टाकले. मुले शाळेत जावीत आणि कुटुंबाने आरोग्य तपासणी करावी, या अटींवर आईच्या हाती पैसे देणारी ‘प्रोग्रेसा’ ही योजना एकदम सगळीकडे नेण्याइतका निधी नव्हता. म्हणून ५०६ गावांपैकी ३२० गावांत ती आधी आणि १८६ गावांत नंतर सुरू झाली. परिणाम स्पष्ट दिसल्यामुळे २००० मध्ये सत्तांतर होऊनही योजना टिकली आणि वाढली.

त्याच काळात अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर पश्चिम केनियात शाळांबरोबर अशाच चाचण्या करत होते. २००२ मध्ये डीन कार्लन यांनी ‘इनोव्हेशन्स फॉर पॉव्हर्टी ॲक्शन’ ही संस्था काढली. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांनी एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांच्यासह २००३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत दारिद्र्यविषयक प्रयोगशाळा स्थापन केली. ती आज ‘जे-पाल’ या नावाने ओळखली जाते. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते जागतिक दारिद्र्य कमी करण्याच्या या प्रायोगिक पद्धतीसाठीच.

चाचण्यांनी काय शिकवले

या चाचण्यांनी अनेक पक्क्या समजुती तपासून पाहिल्या. केनियातील शाळांना पाठ्यपुस्तके दिली तेव्हा सरासरी गुण वाढलेच नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेकांची ती तिसरी भाषा होती. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असे म्हटले जाते. केनियात गर्भवती स्त्रियांना औषधी मच्छरदाण्या काहींना फुकट आणि काहींना अल्प किमतीत दिल्या, तेव्हा किंमत लावताच घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. फुकट घेणाऱ्यांनी मात्र मच्छरदाण्या विकत घेणाऱ्यांइतक्याच वापरल्या.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ संस्थेबरोबर झालेल्या चाचणीत नेहमीच्या व्यवस्थेत पूर्ण लसीकरण झालेली बालके ६ टक्के होती. दर महिन्याला भरवशाचे शिबिर भरू लागल्यावर हे प्रमाण १८ टक्के झाले. प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला, तेव्हा ते ३९ टक्क्यांवर गेले. डाळीचा खर्च धरूनही दर बालकामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण परिचारिकेचा दिवस रिकामा जात नव्हता. पालकांचा लशीला विरोध नव्हता. आजची मजुरी बुडवून उद्याचा न दिसणारा फायदा घ्यायचा, हे टाळले जात होते.

सूक्ष्मकर्जाबाबत मोठ्या अपेक्षा होत्या. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतील अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काही घरांचा धंदा वाढला, पण सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नात ठोस वाढ कुठेच दिसली नाही. त्याच वर्षी सहा देशांतील दुसऱ्या एका अभ्यासातून वेगळी बातमी आली. त्यात तपासली गेली ती बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेली पद्धत. तीत अतिगरीब कुटुंबाला शेळ्या-गायींसारखे उत्पन्नाचे साधन, काही काळ खर्चाला पैसे, प्रशिक्षण, बचतीची सोय आणि नियमित भेटी हे सारे एकत्र मिळते. मदत संपून वर्ष झाल्यावरही या कुटुंबांचा घरखर्च तुलनेच्या कुटुंबांपेक्षा जास्त होता. अपवाद होंडुरासचा. तिथे वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या.

प्रयोगापासून धोरणापर्यंत

एखादा उपाय लहान प्रयोगात यशस्वी झाला म्हणजे तो सरकारी यंत्रणेत टिकेलच असे नाही. याचा सर्वांत उद्बोधक इतिहास मुंबईत सुरू झाला. तिसरी-चौथीतल्या अनेक मुलांना साधे वाक्य वाचता येत नाही आणि वर्ग मात्र पाठ्यपुस्तकाच्या वेगाने पुढे जातो, हे ‘प्रथम’ संस्थेच्या लक्षात आले. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणींनी, म्हणजे बालसखींनी, मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवून त्यांना पायाभूत वाचन-गणित शिकवायचे, असा उपाय ठरला. मुंबई आणि बडोदा येथील चाचणीत मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला.

पुढचा प्रश्न होता सरकारी शाळांचा. बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना प्रशिक्षण व साहित्य दिले, पण शाळेच्या नेहमीच्या दिवसात काहीच बदलले नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचे दडपण तसेच होते. बिहारमध्ये त्याच शिक्षकांनी उन्हाळी शिबिरांत हीच पद्धत वापरली तेव्हा मुले शिकली. हरियाणात वेळापत्रकात वेगळा तास राखला आणि पर्यवेक्षकांना कामात घेतले, तेव्हा ती शाळेतही चालली. उत्तर प्रदेशात थोड्या दिवसांच्या सघन शिबिरांनी मोठी झेप दाखवली. कल्पना एकच होती. फरक पडत गेला तो ती कोण, केव्हा आणि कोणाच्या पाठबळाने राबवतो यामुळे. आफ्रिकेत झांबियाने ती सरकारी शाळांत नेली आहे.

उलटे उदाहरणही तितकेच महत्त्वाचे आहे. उदयपूरमध्ये उपकेंद्रांतील परिचारिकांच्या हजेरीवर देखरेख सुरू झाल्यावर अनुपस्थिती सुरुवातीला चांगलीच घटली. मग आरोग्य खात्यानेच कारणे देऊन सवलती मंजूर करायला सुरुवात केली आणि सुमारे सोळा महिन्यांनी देखरेखीचा काहीही परिणाम उरला नाही. उपाय चुकीचा नव्हता. यंत्रणेला तो नको होता.

आक्षेप आणि मर्यादा

या पद्धतीवर गंभीर टीका झाली आहे. अँगस डीटन आणि नॅन्सी कार्टराइट यांनी २०१८ मध्ये मांडले, की एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे का लागू पडावा, हे चिठ्ठ्या टाकून कळत नाही. त्यासाठी उपाय कशामुळे चालतो याची समज हवी. चाचणी घेता येईल तेच प्रश्न विचारले जातात आणि रस्ते, चलननीती किंवा जमीन सुधारणा बाजूला पडतात, असे मार्टिन रॅव्हॅलियन म्हणत. लँट प्रिचेट यांच्या मते देशाच्या आर्थिक वाढीपुढे अशा उपायांचा लाभ किरकोळ आहे. पुराव्यावरून धोरण आपोआप ठरत नाही, त्यात मूल्यांचा आणि लोकशाही चर्चेचा भाग असतो, याची आठवण ज्याँ द्रेझ करून देतात.

नैतिक प्रश्नही आहेत. तुलनेच्या गटाला काय सांगायचे? संमती कोणाची घ्यायची : कुटुंबाची, गावाची की सरकारची? नैरोबीत थकबाकीदारांचे पाणी तोडण्याच्या धमकीवर झालेल्या अभ्यासाने २०२० मध्ये मोठा वाद उठला, तो याच कारणाने. मदत सगळ्यांना देण्याइतकी नसते तेव्हा चिठ्ठी टाकणे हा वाटपाचा न्याय्य मार्ग ठरू शकतो. पण जे मिळायलाच हवे ते प्रयोगासाठी रोखणे न्याय्य नाही. टीकेतून पद्धत सुधारलीही आहे. एका घराला दिलेल्या पैशांचा शेजाऱ्यांवर काय परिणाम होतो, या प्रश्नासाठी केनियात ६५३ गावांत अभ्यास झाला. महागाई नगण्य राहिली आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली.

आजची निकड

अतितीव्र दारिद्र्य आज मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आणि युद्धग्रस्त प्रदेशांत एकवटले आहे. तिथे पाहणी करणे सर्वांत कठीण आहे. श्रीमंत देशांची मदत आटत आहे. १९८४ पासून अनेक देशांतील माता-बालकांच्या आरोग्याची माहिती देणारा पाहण्यांचा कार्यक्रम अमेरिकी मदत थांबल्याने २०२५ मध्ये ठप्प झाला. भारतातही २०११-१२ नंतर उपभोग खर्चाचे अधिकृत आकडे थेट २०२२-२३ चेच मिळाले. मधल्या २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल प्रसिद्धच झाला नाही. त्या दशकात देशातले दारिद्र्य किती घटले, यावर विद्वानांना अंदाजांवरून वाद घालावा लागला. पैसा कमी असतो तेव्हा तो कुठे लागू पडतो हे जाणण्याची गरज अधिक असते, आणि नेमका तेव्हाच पाहणीवरचा खर्च आधी कापला जातो.

या ग्रंथाविषयी

मराठीत दारिद्र्यावर कसदार लेखन आहे, पण मोजणी, दीर्घ ग्रामअभ्यास, लोकसहभागी पाहणी आणि नियंत्रित चाचण्या या चार परंपरा एकत्र मांडणारी पुस्तके कमी आहेत. प्रस्तुत ग्रंथ ती उणीव भरून काढू पाहतो. या परंपरांना तो एकमेकींचे प्रतिस्पर्धी मानत नाही. मोजणीने प्रश्नाचा आकार कळतो, गावात राहून त्याची कारणे कळतात, लोकांचे ऐकून कोणता उपाय त्यांना मानवेल ते कळते, आणि तुलनेने तो लागू पडला का ते कळते. यांतला एक दुवा गळाला तरी निष्कर्ष लंगडा पडतो.

ग्रंथात यशांइतकीच अपयशांना जागा दिली आहे. फसलेला उपाय प्रामाणिकपणे नोंदवला, तर दुसऱ्या गावाचा पैसा आणि वेळ वाचतो. संख्याशास्त्राची ओळख गरजेपुरती, उदाहरणाच्या ओघात करून दिली आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार, जिल्हा व तालुका पातळीवरचे अधिकारी, शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवी संस्थांमधील कार्यकर्ते हे त्याचे अपेक्षित वाचक आहेत.

कोणत्याही योजनेच्या यशाचा दावा समोर आला की चार गोष्टी विचाराव्यात : तुलना कोणाशी केली, माहिती कोणी आणि कशी गोळा केली, परिणाम किती काळ टिकला, आणि सरकारी यंत्रणेच्या हाती गेल्यावर त्याचे काय झाले. हे प्रश्न विचारण्याची सवय वाचकाला लागावी आणि त्यांची उत्तरे तपासण्याची साधने त्याच्या हाती यावीत, हा या ग्रंथाचा उद्देश आहे.